रजिस्टर होतं ना, मग?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. बेळगावच्या उद्यमबागेत चहाला थांबलो की विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले विचारतात, परवा बँकेच्या रांगेत एका ओळखीच्यांनी विचारलं, "तुमचं ते ताक घुसळायचं मशीन रजिस्टर होतं ना? मग कॉपी झाली तेव्हा केस का केली नाहीत?" मी दरवेळी "जाऊ द्या हो" म्हणून सुटतो. मग रात्री अंथरुणावर पडून तेच उत्तर जुळवत बसतो. आता एकदाच लिहितो, आणि यापुढं कुणी विचारलं तर हेच वाचायला देणार आहे.

होय, रजिस्टर होतं. कोलकात्याच्या डिझाईन ऑफिसचा दाखला आहे, अर्जाची तारीख ६ फेब्रुवारी २०१८. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, खालून असे फोटो जोडले होते. मशीनच्या दिसण्यावर, आकारावर दहा वर्षांचा हक्क, पुढं पाच वर्षं वाढवून मिळतात. एकट्या माणसाला सरकारी फी १,००० रुपये. तेवढे मी भरले होते. "आळस केला असेल" असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे आधी वाचावं.

पण रजिस्टर म्हणजे जगभर रजिस्टर, असं तुम्ही धरून चालता. मीही तसंच धरलं होतं. कोगनोळीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात कागलला गेलं तरी माझा दाखला चालतो. समुद्र ओलांडला की तो नुसता कागद. पेटंट-डिझाईनच्या हक्कांसाठी देशादेशांत पॅरिस करार आहे. त्यात असलेल्या देशांत, पहिल्या अर्जापासून सहा महिन्यांच्या आत वेगळा अर्ज केला तर तुमची पहिली तारीख तिथंही धरतात. माझे सहा महिने ६ ऑगस्ट २०१८ ला संपले. हेग व्यवस्था म्हणून एक सोय आहे, त्यात एकाच अर्जात शंभरपर्यंत डिझाईन आणि अनेक देश घेता येतात. अमेरिका आणि जपान त्यात २०१५ ला आले, चीन २०२२ ला. भारत त्या वेळी त्यात नव्हता. म्हणजे मला देशागणिक वेगळा अर्ज, वेगळा एजंट, वेगळी फी. चार देशांचा मला सांगितलेला आकडा साडेतीन लाख होता. डायचेच, म्हणजे साच्याचेच, सव्वाचार लाख झाले होते, ते कर्जाचे. आणि ऑगस्टपर्यंत माझी मशीनं विकली होती २१२.

त्या वेळचा मी अजून माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, २१२ मशीनं विकणाऱ्या माणसानं लंडनला कशाला अर्ज करायचा? आधी इथं चालू दे, मग बघू. मी त्याला म्हणतो, अरे, चालल्यावरच तर कॉपी होते, आणि चालतंय हे कळेपर्यंत सहा महिने उलटलेले असतात. तो म्हणतो, मग साडेतीन लाख कुठून आणणार होतास? इथं मी गप्प बसतो. याचं उत्तर माझ्याकडं आजही नाही.

भाचा म्हणतो, "मामा, ॲपलनं सॅमसंगला कोर्टात खेचलं, तू का नाही?" खेचलं, २०११ साली. फोनची पुढची बाजू, गोल कोपरे, स्क्रीनवरच्या चित्रांची मांडणी, याच्यावर. २०१८ मध्ये ज्युरीनं ५३.९ कोटी डॉलर ठरवले. अरे बाबा, पण ॲपलकडं अमेरिकेतली डिझाईन पेटंटं, म्हणजे तिथली आकाराची रजिस्ट्रेशनं, आधीच हातात होती. आपल्याकडंही असं झालंय. एका बाजूनं चौकोनी आणि दुसऱ्या बाजूनं गोल अशा वॉशिंग मशीनच्या आकारावरून व्हर्लपूल व्हिडिओकॉनविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. व्हिडिओकॉनकडं स्वतःचं रजिस्ट्रेशन होतं, तरी २०१४ मध्ये कोर्टानं व्हर्लपूलच्या बाजूनं मनाई हुकूम दिला. आपल्या कायद्यात दम आहे. म्हणूनच मला जास्त लागतं.

आता मशीनबद्दल. मी पॅटर्न मेकर. धातू ओतणाऱ्या फाउंड्र्यांसाठी लाकडाचे पॅटर्न, म्हणजे नमुने, करणं हा वडिलांपासूनचा धंदा. घर येळ्ळूरचं, दोन म्हशी, आणि आई रोज लोणी काढणारी. तिचा उजवा अंगठा लहानपणी कडबा कापताना दुखावला, तो वळत नाही. बाजारातली विजेची रवी तिला पातेल्यावरून एका हातानं उचलता येत नसे, मोटरचं डोकं निसटायचं. मी सागवानाचा पॅटर्न केला, त्यावर पुट्टी लावली आणि तिला म्हटलं, "धर, जशी धरतेस तशी." ताठ अंगठा पुट्टीत तिरका रुतला, मध्यापासून जरा डावीकडं. तोच खळगा मी ठेवला आणि बाकीचा सगळा आकार त्याच्या भोवती वळवत नेला. बघणाऱ्याला मशीन मान वळवून बसलेल्या पक्ष्यासारखं दिसायचं. लोकांना ते आवडलं ते त्या वळणामुळं. खळगा तिथं का आहे, हे घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं.

मार्च २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या मावसबहिणीनं एका दुकानातला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "दादा, तुमचं मशीन इथपर्यंत आलं! अभिनंदन!" तिला वाटलं मीच पाठवलंय. मी धावत एजंटकडं गेलो. ते म्हणाले, सहा महिने संपले, विषय संपला. खूप नंतर, दुसरीकडून कळलं की ब्रिटन आणि युरोपात आणखी एक मुदत असते. डिझाईन तुम्ही स्वतःच उघड केलं असेल, तर तिथून बारा महिन्यांच्या आत तिथं अर्ज करता येतो, पहिली तारीख मिळत नाही एवढंच. अमेरिकेतही बारा महिने. माझे ते बारा महिने जानेवारी २०१९ ला संपले होते, फोटो येण्याच्या दोन महिने आधी. ऑगस्टमध्ये कुणी सांगितलं असतं तर हातात पाच महिने होते.

त्याच वर्षी दिवाळीत ते मशीन गणपत गल्लीत आलं. दुकानदार ओळखीचे. त्यांनी खोका पुढं केला आणि स्वतः दुसरीकडं बघत राहिले. माझं मशीन २,६००, हे १,४५०. मी विकत घेतलं. घरी खोका उघडला तेव्हा आई दारात तांदूळ निवडत होती. तिनं मशीन हातात घेतलं, अंगठा खळग्यात बरोबर बसला. तीच तिरकी खोली. इतकंच काय, माझ्या डायच्या जोडावर एक बारीक पायरी राहिली होती, नखाला लागणारी, ती चूकसुद्धा तशीच उतरली होती. आई म्हणाली, "आपलंच की रे हे. खोका नवा केलास व्हय?"

दुसऱ्या दिवशी वकिलांकडं गेलो. कॉपी बाहेरून आणून इथं विकणं हाही आपल्या कायद्यानं हक्काचा भंगच आहे. इथं तर माझा दाखला चालतो, असं म्हणत मी दाखला टेबलावर ठेवला, दोन्ही मशीनं शेजारी ठेवली आणि फोन काढला. "साहेब, हे माझंच आहे याचा पुरावा बघा," म्हणून व्हिडिओ लावला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरी बायका जमल्या होत्या, आईनं सॅम्पल मशीन चालवून दाखवलं, ते मी फोनवर घेऊन फेसबुकवर टाकलं होतं. चौथ्या सेकंदाला आई मशीन उचलते आणि अंगठा स्पष्ट दिसतो. वकिलांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. दाखल्यावरची तारीख पाहिली, व्हिडिओखालची तारीख पाहिली. १८ जानेवारी २०१८. मग फोन पालथा ठेवला आणि म्हणाले, "हा अजून कुणाला दाखवलात?"

अर्जाच्या आधी एकोणीस दिवस.

आपला डिझाईन कायदा २००० चा, लागू झाला ११ मे २००१ ला. अर्जाच्या आधी डिझाईन जगात कुठंही प्रसिद्ध झालं असेल तर ते नवं राहत नाही, मग प्रसिद्ध करणारा मालक स्वतः असला तरी. विश्वासानं एखाद्याला दाखवलं तर कायदा ते धरत नाही, घरातल्या बायकांपुरतं राहिलं असतं तर बाजू मांडता आली असती. फेसबुक म्हणजे चव्हाट्यावर. मी कोर्टात दावा लावला, की लगेच समोरचा हाच व्हिडिओ पुढं करून रजिस्ट्रेशनच रद्द करा म्हणणार, आणि तो बचाव आला की खटला जिल्हा कोर्टातून उच्च न्यायालयात, म्हणजे आमच्यासाठी धारवाडला. जिथं माझा हक्क होता तिथं व्हिडिओनं तो गेला, आणि जे देश व्हिडिओ वर्षभर पोटात घालतात तिथं मी अर्जच केला नव्हता. हे आहे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. यात "जाऊ द्या हो" सारखं काही नाही.

व्हिडिओ काढून टाक, असं दोघातिघांनी सुचवलं. नाही काढला. तीनशेच्या वर लोकांनी तो पुढं पाठवलाय, आणि कोर्टात शपथेवर "कुणाला दाखवलं नव्हतं" म्हणणं मला जमणार नव्हतं.

जे मी आजवर कुणाला सांगितलं नाही ते हे. त्या संध्याकाळी घरी आल्यावर आईनं विचारलं, वकील काय म्हणाले. मी म्हटलं, "तुझ्या त्या व्हिडिओनं घात केला. काढ की व्हिडिओ, बायकांना दाखवू, असं कोण म्हणालं होतं?" ती म्हणालीच होती तसं. पण फोन माझ्या हातात होता, फेसबुकवर मी टाकला, कोलकात्याला अर्ज "पुढच्या आठवड्यात" म्हणत तीन आठवडे मी लांबवला. तिला डिझाईन ॲक्ट काय ठाऊक? मला तरी कुठं ठाऊक होता? तिनं अंगठा दुसऱ्या हातात धरला आणि विचारलं, "माझ्या हातानं गेलं व्हय रे सगळं?" मी नाही म्हणालो नाही. चार दिवसांनी म्हणालो. तोपर्यंत तिनं ते मशीन कापडात गुंडाळून माळ्यावर टाकलं होतं आणि लोणी पुन्हा दोरीच्या रवीनं काढायला लागली होती.

सध्या नवं काम चालू आहे, नारळ खवायचं विजेचं मशीन. या वेळी पहिला फोटो जाईल तो कोलकात्याला, त्याच्या आधी कुठंही नाही. ब्रिटनचा खर्च सहा महिन्यांत करायचा का, यावर बायको आणि मी रोज भांडतो. ती म्हणते कर. आकडे मांडले की ती बरोबर वाटते, बँकेचा हप्ता आला की मी बरोबर वाटतो. सागवानाचा पॅटर्न तयार आहे, फक्त मूठ राहिली आहे. आईला दोनदा हात द्यायला सांगितलं. "माझा नको, सूनबाईचा घे," म्हणते. मी दोनदा पुट्टी कालवली, दोन्ही वेळा ती तशीच वाळून गेली.