दोन शेजाऱ्यांची साक्ष: लिस्बनमध्ये रहिवासी दाखला मिळवताना

सप्टेंबर 2024 मध्ये आम्ही माझ्या कंपनीने दिलेली तात्पुरती जागा सोडून लिस्बनच्या ग्रासा या टेकडीवरच्या वस्तीत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. घरमालक भाडेकरार वित्त खात्याकडे नोंदवतो म्हणत राहिले, आणि या शहरात परवडणारे घर मिळणे किती अवघड आहे हे पाहिलेले असल्यामुळे आम्हीही तगादा लावला नाही. वीज आणि पाणी त्यांच्याच नावावर होते. त्यामुळे आम्ही त्या घरात रोज राहत होतो, स्वयंपाक करत होतो, पण तसे सांगणारा एकही कागद आमच्याजवळ नव्हता.

जानेवारी 2025 मध्ये मला दिवस गेल्याचे कळले आणि ही उणीव एकदम मोठी झाली. पोर्तुगालची सरकारी आरोग्यसेवा 1979 पासून चालू आहे आणि तिचा लाभ घेण्यासाठी प्रत्येकाला नऊ आकडी ‘उतेन्त’ क्रमांक मिळतो. तो माझ्याकडे होता, मात्र नोंद जुन्या पत्त्याच्या भागातील आरोग्य केंद्रात होती. नव्या भागातील केंद्राच्या खिडकीवरच्या बाईंनी माझे निवासपत्र पाहिले, त्यावरचा जुना पत्ता दाखवला आणि झुंताचा, म्हणजे वस्तीच्या स्थानिक कार्यालयाचा, रहिवासी दाखला आणायला सांगितले. पत्ता बदलल्यावर 60 दिवसांच्या आत स्थलांतर विभागाला कळवणेही कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती मुदत माझ्या हातून कधीच निघून गेली होती.

‘झुंता द फ्रेगझिया’ म्हणजे पोर्तुगालमधील सर्वांत खालच्या पातळीवरची निवडून आलेली स्थानिक सत्ता. फ्रेगझिया हा शब्द मुळात चर्चच्या पॅरिशसाठी होता, नंतर तो नागरी प्रशासनाचा झाला. एकट्या लिस्बन शहरात अशा 24 फ्रेगझिया आहेत. आपल्याकडे ग्रामपंचायत जसा रहिवासी दाखला देते, तसा येथे झुंता ‘अतेश्तादु द रेझिदेन्सिया’ देते. माझे बालपण रेवदंड्याला गेले असल्यामुळे पंचायतीच्या दाखल्याची मला सवय होती, आणि म्हणूनच हे काम एका फेरीत होईल असे मी गृहीत धरले.

तसे झाले नाही. मला जो अर्ज देण्यात आला, त्याचा खालचा अर्धा भाग दोन साक्षीदारांसाठी होता. 1999 च्या कायद्यानुसार झुंताच्या सदस्यांपैकी कोणी अर्जदाराला प्रत्यक्ष ओळखत असेल, तर त्या माहितीवर दाखला देता येतो. नाहीतर त्याच फ्रेगझियाच्या मतदारयादीत नाव असलेल्या दोन नागरिकांनी साक्ष द्यावी लागते. अर्जदाराच्या स्वतःच्या निवेदनाचीही तरतूद कायद्यात आहे, परंतु भाडेकरार नसल्यामुळे माझ्याकडे साक्षीदारच मागितले गेले. खोटी साक्ष हा गुन्हा आहे, हे अर्जावर ठळक छापलेले होते. शिवाय मी पत्त्यात केवळ घरक्रमांक आणि मजला लिहिला होता. येथे एकाच मजल्यावर समोरासमोर दोन घरे असतात, म्हणून डावे असेल तर ‘इश्केर्दु’ आणि उजवे असेल तर ‘दिरैतु’ लिहिल्याशिवाय पत्ता पूर्ण होत नाही. तेवढ्यासाठी अर्ज पुन्हा लिहावा लागला.

खरी अडचण साक्षीदारांची होती. आमच्या इमारतीत सहा घरे. त्यांपैकी तीन पर्यटकांना दिवसांच्या हिशोबाने दिली जातात. दारावर किल्लीची पेटी आणि जिन्यात चाकांच्या बॅगांचा आवाज, एवढीच त्या रहिवाशांची ओळख. चौथ्यात आम्ही, पाचव्यात नेपाळहून आलेले एक कुटुंब, ज्यांना आमच्याप्रमाणेच मताधिकार नाही. कोपऱ्यावरच्या कॅफेचे मालक मला चार महिने रोज पाहत होते आणि साक्षीला आनंदाने तयारही झाले, पण ते राहतात तेजू नदीपलीकडे आल्मादाला, आणि त्यांचे नाव तिथल्याच यादीत. औषधांच्या दुकानातील बाईंचेही तसेच निघाले. ज्या काळात वस्तीत काम करणारा माणूस वस्तीतच राहत होता आणि प्रत्येक जिन्यावर दोन तरी मतदार सहज मिळत होते, त्या काळाचे गृहीत या नियमामागे आहे. नियम मला आजही चांगला वाटतो, कारण तो यंत्राऐवजी माणसाच्या ओळखीवर विश्वास ठेवतो. परंतु लिस्बनच्या मध्यभागातून ती माणसेच भाडेवाढीमुळे बाहेर ढकलली गेली आहेत, आणि त्याची झळ सर्वांत आधी नव्याने आलेल्यांना बसते. काही ठिकाणी पैसे घेऊन अशा साक्षी विकल्या गेल्याच्या बातम्या येथे येऊन गेल्या आहेत. मलाही एका ओळखीच्याने तो मार्ग सुचवला होता. मी नकार दिला.

सहाव्या घरात, तळमजल्यावर, एक आजी राहतात. त्या मूळच्या दक्षिणेकडील आलेंतेझू प्रांतातल्या, लग्नाआधीच कामासाठी लिस्बनला आलेल्या. आमची ओळख दिवाळीत झाली होती. मी ताटलीत चार करंज्या घेऊन त्यांचे दार वाजवले, तेव्हा त्यांनी एक उचलून उजेडात धरली आणि ही तर ‘अझेव्हिया’ आहे, असे म्हणाल्या. नाताळात त्यांच्याकडे हाच आकार तळला जातो. आत खोबऱ्याऐवजी हरभऱ्याचे गोड पुरण असते, त्यात दालचिनी आणि लिंबाची साल. डिसेंबरमध्ये त्यांनी त्या करून आमच्याकडे पाठवल्या, आणि पहिल्या घासाला मला पुरणपोळीची आठवण झाली. आमच्या घराची जादा किल्ली तेव्हापासून त्यांच्याकडेच असते. किल्लीला पोर्तुगीजमध्ये ‘शाव’ म्हणतात; आपली ‘चावी’ तिथूनच आलेली आहे, हे मी त्यांना सांगितले तेव्हा तो शब्द त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला.

तरीही साक्षीसाठी विचारायला मला संकोच वाटत होता. सरकारी कागदावर सही मागणे म्हणजे करंजी देण्याइतके सोपे नाही. आजींनी अर्ज चष्मा लावून पूर्ण वाचला, गुन्ह्याबद्दलचे वाक्य दोनदा वाचले, आणि मग विचारले, “मनीना, तुम्ही इथे राहता हे खरे आहे ना? मग मी खोटे काय सांगणार?” मनीना म्हणजे मुली. 25 एप्रिल 1975 रोजी, हुकूमशाही संपल्यानंतरच्या पहिल्या मुक्त निवडणुकीत, वयाच्या 22 व्या वर्षी त्यांनी पहिले मत दिले होते आणि तेव्हापासून एकही निवडणूक चुकवली नव्हती. तरी खात्री असावी म्हणून त्यांनी 3838 या क्रमांकावर मोबाइलवरून संदेश पाठवला. मतदारयादीतील नोंद त्यावर कळते. उत्तर आले, फ्रेगझिया हीच होती.

दुसऱ्या साक्षीदारही आजींनीच सुचवल्या. कॅफेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या, केप व्हर्डे या आफ्रिकेजवळच्या बेटदेशातून आलेल्या एक ताई दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्या पोर्तुगीज नागरिक नाहीत, म्हणून मी त्यांचा विचारच केला नव्हता. परंतु ब्राझील आणि केप व्हर्डेच्या नागरिकांना दोन वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर स्थानिक निवडणुकीत मतदान करता येते, आणि ताईंनी आपले नाव यादीत घालून घेतले होते. झुंताच्या कर्मचाऱ्यांनी यादी तपासून त्यांची साक्ष मान्य केली. जे स्वतः परके म्हणून आले, त्यांनीच आपल्या हक्काची नोंद करून ठेवली होती आणि ती माझ्या उपयोगी पडली, याचे मला फार अप्रूप वाटले.

फेब्रुवारीतल्या एका पावसाळी सकाळी आम्ही तिघी उतार उतरून गेलो. ओले दगड निसरडे असल्यामुळे आजींनी माझा हात धरला होता, की मी त्यांचा, हे सांगणे कठीण आहे. गर्भवती, अपंग, थकलेले वृद्ध आणि तान्हे मूल घेऊन आलेले यांना सरकारी तसेच खाजगी कार्यालयांत आधी सेवा देणे 2016 च्या कायद्याने सक्तीचे आहे, त्यामुळे आमचा क्रमांक लवकर आला. दोघींची ओळखपत्रे पाहिली गेली, सह्या झाल्या, थोडे शुल्क भरले. ते प्रत्येक झुंता स्वतः ठरवते. दाखल्याच्या शेवटी येथे प्रचलित असलेली एक ओळ होती, जिचा अर्थ असा की हे खरे असल्यामुळे आणि मागितले गेल्यामुळे हा दाखला दिला आहे. खाली शाई नसलेला, कागदात दाबून उठवलेला शिक्का होता. त्याला ‘सेलु ब्रांकु’, म्हणजे पांढरा शिक्का म्हणतात. तो दिसण्याआधी बोटांना जाणवतो.

पुढची कामे भराभर झाली. आरोग्य केंद्राने त्याच आठवड्यात नोंद घेतली. कायमचा कुटुंबवैद्य मात्र मिळाला नाही. देशात 15 लाखांच्या आसपास लोक त्याच प्रतीक्षेत आहेत. तरीही परिचारिकेने पहिली तपासणी केली आणि गर्भवतींची नोंदवही हातात दिली. वित्त खात्यातील पत्ता ऑनलाइन बदलला, तेव्हा खात्रीचा संकेतांक टपालाने नव्या घरी आला. टपालपेटीवर मी आधीच चिठ्ठी लावून ठेवली होती: दुसरा मजला, इश्केर्दु.

मुलगी ऑगस्टअखेरीस जन्मली. 12 ऑक्टोबर 2025 रोजी स्थानिक निवडणुका होत्या. सकाळी आजी बाहेर पडताना दिसल्या म्हणून मी बाळाची गाडी घेऊन त्यांच्याबरोबर मतदान केंद्र असलेल्या शाळेपर्यंत गेले. फाटकापाशी केप व्हर्डेच्या ताई भेटल्या. त्या दोघी आत गेल्या आणि मी त्यांच्या छत्र्या धरून बाहेर थांबले.