दान्स माकाब्र: तार अखेर ई-फ्लॅटवर थांबली

थांबली! काल रात्री सलग बारा मिनिटं वाजवलं आणि ट्यूनरचा काटा हलला नाही.

मागच्या वेळी लिहिलंच होतं. 'दान्स माकाब्र' या मृत्युनृत्यावरच्या ऑर्केस्ट्रा रचनेत फ्रेंच संगीतकार सँ-साँसने सोलो व्हायोलिनची ई तार, म्हणजे सगळ्यात उंच स्वराची तार, अर्धा स्वर खाली ई-फ्लॅटपर्यंत उतरवायला सांगितलीय. माझी उतरवलेली तार दोन पानांत आणखी खाली बसायची आणि शेजारची ए वर चढायची. ए का चढते ते समजलं होतं: ई चा ताण साधारण 11 टक्क्यांनी कमी होतो, घोडीवरचा (तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात तिच्यावरचा) भार हलका होतो, बाकीच्या तारा चढतात. पण ई का बसते? तार बदलून पाहिली. ऑनलाइन मागवलेली स्वस्तातली पहिल्याच दिवशी खुंटीपाशी तुटली, त्या दुकानातून पुन्हा काही घेणार नाही. गोल्डब्रोकाट ब्रँडची लावली, तरी तेच.

शेवटी भिंग घेऊन बसले. घोडीवर तारेला जी प्लास्टिकची बारीक नळी असते, तिच्यात तार रुतली होती. फाइन ट्यूनर (घोडीमागचा बारीक जुळणीचा स्क्रू) सैल केला की घोडीमागचा तुकडा सैल पडायचा, पुढचा तसाच ताठ. मग गजाच्या जोरकस फटक्यांनी तार थोडीथोडी सुटायची. माझ्या घोडीवर चामड्याची पट्टी आहेच, म्हणून नळी काढली. तार सहज सरकावी म्हणून घोडीवरच्या आणि खुंट्यांकडच्या खाचांत 2बी पेन्सिल घासली. तार आधी डी पर्यंत उतरवली, मग खालून वर ई-फ्लॅटला आणली, ए सगळ्यात शेवटी.

आणि मग ए आणि ई-फ्लॅट, त्या दोन मोकळ्या तारा एकदम! मी सा-प-सा-प लावून शिकले, म्हणून मला हे असं ऐकू येतं: ए म्हणजे सा, ई म्हणजे पंचम. सँ-साँसने पंचमच काढून घेतलाय, उरला तीव्र मध्यम. यमनात तो पंचमाकडे झुकतो म्हणून गोड लागतो. इथे झुकायला जागाच नाही. अंगावर काटा येतो तो त्यामुळे.

आता 31 ऑक्टोबरचा कार्यक्रम. आधी मुसोर्गस्कीचं 'नाईट ऑन बाल्ड माउंटन' आहे, त्यात ई जागेवर हवी. म्हणून दुसरं व्हायोलिन उसनं आणायचं ठरलं होतं. पण लिहितालिहिता सुचलं, दान्स मध्यंतरानंतर लगेच ठेवलं तर? पंधरा मिनिटांत तार उतरवून दोनदा तपासता येईल. उद्याच्या तालमीला कंडक्टरना विचारते. मध्यंतराच्या गलक्यानंतर दान्सच्या सुरुवातीचे हार्पचे ते बारा डी, मध्यरात्रीचे ठोके, किती शांततेत पडतील!