भुसावळच्या पेटीतल्या तबकड्या

भुसावळच्या रेल्वे वसाहतीजवळच्या एका जुन्या घरात जॅझच्या ग्रामोफोन तबकड्यांनी भरलेली लोखंडी पेटी पडून आहे आणि रद्दीवाला ती किलोच्या भावाने मागतो आहे, असा निरोप एका जुन्या सहकाऱ्याने दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात दिला, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी जळगावहून सकाळची पहिली गाडी पकडली. अर्ध्या तासाचा तो प्रवास मला फार लांब वाटला, कारण रद्दीवाले लवकर उठतात.

घर एका निवृत्त अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरचे होते. ते जाऊन वर्ष झाले होते आणि त्यांची मुलगी घर आवरून परदेशी भावाकडे निघाली होती. पेटी उघडली तेव्हा वर दोन बोटे धूळ आणि खाली एकावर एक आडव्या रचलेल्या 118 तबकड्या होत्या. त्यांपैकी 74 तबकड्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या, म्हणजे लाखेच्या जड तबकड्या होत्या आणि बाकीच्या एलपी, म्हणजे मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या व्हिनाइलच्या. मी त्यांना स्पष्ट सांगितले, "ताई, यातल्या काही तबकड्यांना चांगली किंमत आहे. धुऊन ऐकल्याशिवाय मला नेमका आकडा सांगता येणार नाही, पण रद्दीच्या भावाने देऊ नका." त्यावर त्या म्हणाल्या, "काका, पैशाचे नंतर बघू. पप्पांची एक तबकडी आहे, ती नीट वाजली तर मला तेवढी मोबाइलवर पाठवा." ती कोणती, हे मात्र त्यांना सांगता येईना. पियानो आहे, आणि घरी कलकत्त्याची रेकॉर्ड म्हणत, एवढेच आठवत होते. मी आगाऊ रक्कम ठेवली आणि पेटी रिक्षात घातली.

माझ्याविषयी थोडक्यात सांगायचे, तर मी बँकेतला माणूस. 1978 साली शिक्षणासाठी मुंबईत असताना रंगभवनात पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझचा महोत्सव, झाली. तिथे सॉनी रॉलिन्सचा सॅक्सोफोन ऐकला आणि त्यानंतर पगारातला ठरावीक भाग तबकड्यांवर जाऊ लागला. हार्मोनियम लहानपणापासून वाजवतो. तिचा या हकिगतीशी संबंध पुढे येईल.

नवी जुनी तबकडी हाती आली की ती लगेच लावून पाहावी, असा मोह प्रत्येक संग्राहकाला होतो आणि तोच सर्वांत घातक असतो. खाचेतली धूळ सुईखाली रगडली जाते आणि पहिल्याच फेरीत कायमची खरखर कोरून जाते. म्हणून पहिला आठवडा मी काहीही ऐकले नाही. तबकड्या उभ्या ठेवायच्या असतात. आडव्या रचल्या की वरच्यांचे वजन खालच्यांवर येते, आणि या पेटीच्या तळाच्या पाच लाखेच्या तबकड्या त्यामुळेच तडकल्या होत्या. त्या वेगळ्या काढल्या. कव्हरांना कसर लागली होती. आतल्या कागदी पिशव्या फेकून देऊन नव्या घातल्या.

धुण्यासाठी मी बॅटरीच्या दुकानातले डिस्टिल्ड वॉटर आणतो, कारण आमच्या बोअरिंगच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर खाचेत पांढरे बसतात. लिटरभर पाण्यात लहान मुलांच्या शांपूचे चार थेंब, मऊ कापड, आणि मधल्या लेबलवर दोन्ही बाजूंनी प्लास्टिकची झाकणे घट्ट धरलेली. कापड नेहमी खाचेच्या दिशेने गोल फिरवायचे, आडवे कधीच नाही. धुतलेल्या तबकड्या स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यात उभ्या वाळत घालतो. ताटाळ्याच्या फटींतले अंतर एलपीला इतके अचूक बसते की हे भांडे मुळात याच कामासाठी घडवले असावे, असे मला वाटते. घरातल्या मंडळींना तसे वाटत नाही. त्या महिन्यात आम्ही ताटे ओट्यावर ठेवून जेवलो.

एलपीला पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. लाखेच्या तबकडीला मात्र स्पिरिटचा थेंबही लावायचा नाही. सुतार पॉलिशसाठी चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात, आणि 78 फेऱ्यांच्या तबकडीला धरून ठेवणारी तीच लाख असते, एवढे लक्षात ठेवले की चूक होत नाही. ही लाख ज्या किड्यापासून मिळते तो पळस, कुसुम आणि बोरीवर वाढतो. आमच्या सातपुड्यात फाल्गुनात पेटलेला पळस पाहताना मला हमखास आठवते की, न्यूयॉर्कमध्ये छापलेल्या जॅझच्या तबकड्यांनाही लाख बहुतांशी भारतातूनच जात होती. युद्धामुळे ही आवक आटली तेव्हा 1942 मध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर बंधने घातली.

लाखेच्या तबकड्यांत गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या बँडच्या तीन निघाल्या. सी. रामचंद्रांचे साहाय्यक म्हणून त्यांनी केलेले काम आपण हिंदी चित्रपटगीतांत नकळत ऐकलेले असते. त्याहून मोठा आनंद टेडी वेदरफर्डच्या तबकडीने दिला. 1920 च्या दशकात शिकागोत नाव कमावून हा पियानोवादक आशियात आला. शांघाय, मुंबईचे ताज आणि शेवटी कलकत्त्याचे ग्रँड हॉटेल असा त्याचा मुक्काम होत गेला आणि 1945 मध्ये कलकत्त्यातच कॉलऱ्याने त्याचा अंत झाला. कलकत्त्यात त्याने कोलंबिया कंपनीसाठी ध्वनिमुद्रणे केली, त्यांपैकी एक माझ्या हातात होते. ताईंची 'कलकत्त्याची रेकॉर्ड' हीच, याबद्दल मला शंका उरली नाही. तिच्या मधोमध खाचेत मेणबत्तीच्या मेणाचा एक थेंब घट्ट बसला होता. गरम पाणी वापरायची सोय नव्हती, कारण लाख उष्णतेने नरमते. भिंगाखाली, दात कोरायच्या लाकडी काडीने, कण कण करत मी तो काढला. त्याला तीन संध्याकाळी लागल्या. खाचेला ओरखडा पडला नाही, याचा मला रास्त अभिमान वाटला.

एका एलपीच्या बाबतीत मात्र मी मूर्खपणा केला. ती वाकलेली होती. दोन काचांमध्ये दाबून उन्हात ठेवली की सपाट होते, असे कोणीतरी सांगितलेले होते, आणि ते सांगणारा खान्देशातला नसावा. मार्चमध्ये अकराच्या उन्हात मी काचा गच्चीवर ठेवल्या आणि फोन आला म्हणून खाली गेलो. तासाभराने तबकडी सपाट झाली होती हे खरे, पण काचेला टेकलेल्या भागातल्या खाचाही तितक्याच सपाट झाल्या होत्या. ती आता भिंतीवर आहे.

ऐकण्याआधी सुईचा प्रश्न येतो. 78 फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते आणि तिला 3 मिल, म्हणजे साधारण 75 मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीची सुई तिच्या एक तृतीयांशाहूनही बारीक असते. ती लाखेच्या खाचेत घातली तर तळाशी जाऊन कचरा गोळा करत फिरते आणि लोक मग म्हणतात की जुन्या तबकड्या खरखरतातच. मी दोन वेगळी काडतुसे, म्हणजे सुई बसवलेली कार्ट्रिज, ठेवतो. सुईचा दाब मोजायला जळगावच्या सराफ मित्राचा काटा आणला. सोन्याच्या बाजारात वाढलेल्या त्या माणसाने दोन ग्रॅमला पाव ग्रॅम इकडेतिकडे झाले तर काय बिघडते, असे विचारले नाही, याचे मला कौतुक वाटले.

आता हार्मोनियमकडे येतो. ड्रायव्हरसाहेबांचा एक भाऊ इंग्लंडमध्ये होता आणि त्याने पाठवलेल्या एलपींमध्ये अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही फोंटाना लेबलची ब्रिटिश प्रत होती. एलपीच्या पहिल्या रचनेचा मुक्काम हार्मोनियमच्या पांढरी दोन या स्वरावर आहे. मधला भाग काळी दोनवर चढतो आणि परत येतो. मला नव्या तबकडीबरोबर एक स्वर धरून बसायची सवय आहे, म्हणून मी पांढरी दोन दाबली, आणि दोन्ही स्वर जुळेनात. तबकडी किंचित चढी वाजत होती. फरक इतका थोडा की नुसते ऐकताना कोणाच्या ध्यानात येऊ नये, पण हार्मोनियमच्या सलग स्वरासमोर कंप स्पष्ट ऐकू येत होते.

साहजिकच टर्नटेबलवर संशय घेतला. वेग तपासण्यासाठी पट्ट्यांची चकती असते. 50 हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, त्यामुळे 33⅓ फेऱ्यांना 180 पट्ट्यांचे वर्तुळ स्थिर दिसले पाहिजे. पट्ट्या पुढे सरकत होत्या. मी मोटरचा स्क्रू फिरवत बसलो, आणि पाऊण तासाने लक्षात आले की लोडशेडिंग सुरू आहे, ट्यूबलाइट इन्व्हर्टरवर आहे आणि इन्व्हर्टरचे हर्ट्झ पन्नास असतीलच याची हमी कोणी दिलेली नाही. वीज आल्यावर, जुन्या चोकच्या ट्यूबखाली, पुन्हा सगळे जुळवले. पट्ट्या खिळल्यासारख्या स्थिर झाल्या. तबकडी अजूनही चढीच होती. मग हार्मोनियमवर संशय घेतला आणि एक एक स्वर ट्यूनरवर तपासला. ती निर्दोष निघाली.

शेवटी कंटाळून बाजू पालटली. दुसऱ्या बाजूची पहिली रचना पांढरी पाचवर आहे. ती हार्मोनियमशी तंतोतंत जुळली. एकाच तबकडीची, त्याच टर्नटेबलवर, एक बाजू चढी आणि दुसरी बरोबर, हे कळल्यावर मी बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो. पुढे वाचनात कारण सापडले. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना 2 मार्च 1959 रोजी मुद्रित झाल्या आणि त्या दिवशी स्टुडिओतले मुख्य टेपयंत्र थोडे संथ चालत होते. संथ चाललेली टेप नंतर नेमक्या वेगाने वाजवली की स्वर चढतो. दुसरी बाजू 22 एप्रिलची, तेव्हा यंत्र ठीक होते. ही चूक 1992 च्या आवृत्तीत राखीव यंत्रावरच्या टेपा वापरून दुरुस्त झाली. म्हणजे तेहतीस वर्षे जगभर ही बाजू चढीच वाजत होती. ते वाचून मला झालेला आनंद थोडा पोरकट होता, हे मान्य करतो.

सगळ्याच तबकड्यांनी असा आनंद दिला नाही. ब्लू नोट कंपनीच्या एकमेव एलपीवर, शेवटच्या रचनेनंतरच्या गुळगुळीत पट्टीत, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांचा 'आरव्हीजी' हा ठसा होता. मी टॉर्च तिरपा धरून कानाच्या आकाराची खूण शोधली. प्लास्टीलाइट कारखान्यात छापलेल्या प्रतींवर ती असते आणि 1966 मध्ये त्या कारखान्याशी संबंध संपल्यानंतरच्या प्रतींवर नसते. दोन्ही बाजू तीनतीनदा पाहिल्या. खूण नव्हती.

तिरप्या उजेडात तबकडी पाहण्याचा आणखी एक उपयोग आहे आणि मला या छंदात सर्वाधिक रस त्यातच वाटतो. वारंवार वाजलेली खाच करडी पडते. एलपीचा शेवटचा भाग तसाही फाटका ऐकू येतो, कारण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर खाच सरकते आणि आत येईपर्यंत ती 21 सेंटिमीटरच्या आसपास उरते. त्यामुळे कानावर विसंबून झीज ठरवता येत नाही, डोळेही लागतात. अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रुबेक 1958 मध्ये दौऱ्यावर भारतात आला होता आणि त्या दौऱ्याच्या आठवणींवर त्याने एक एलपी केली. तिच्यावरची कलकत्त्याच्या नावाची रचना तेवढी करडी होती, बाकीच्या जवळजवळ कोऱ्या. बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनच्या तबकड्यांवर सॅक्सोफोनच्या संथ रचना झिजलेल्या आणि वेगवान रचना चकचकीत. आयुष्यभर वाफेच्या आणि डिझेलच्या इंजिनांवर काम केलेल्या माणसाला घरी आल्यावर वेग नको होता, असा अर्थ मी काढला. तो चुकीचाही असेल, पण या माणसाशी माझी ओळख झाली ती एवढ्यावरच.

बँकेतून निवृत्त होताना मागून घेतलेल्या कोऱ्या खतावणीत प्रत्येक तबकडीची नोंद केली. क्रमांक, लेबल, गुळगुळीत पट्टीवरचे कोरीव आकडे, आणि अवस्था. अवस्थेसाठी स्वच्छ, खरखर, झिजलेली, फुटकी हे चारच शेरे ठेवले. सगळ्या तबकड्या पूर्वेकडच्या आतल्या भिंतीच्या कपाटात उभ्या लावल्या. कूलर त्या खोलीत कधीच लावत नाही, कारण उन्हाळ्यात कूलरची ओल कव्हरांना बुरशी आणते. त्यामुळे मे महिन्यात तिथे मला बसता येत नाही.

जूनमध्ये हिशेब पूर्ण झाला. ठरलेली रक्कम ताईंच्या खात्यात भरली आणि त्यासोबत वेदरफर्डच्या तबकडीचे ध्वनिमुद्रण पाठवले. ते मी चार वेळा केले. चौथ्यांदा पियानोचा डावा हातसुद्धा स्पष्ट ऐकू आला. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. तबकडी हीच, असे त्या म्हणाल्या, आणि पुढे थोडे थांबून विचारले की अर्ध्यावर ती अडकत का नाही. नाताळात, वीज गेलेली असताना, कोणीतरी तिच्यावर मेणबत्ती सांडली होती. तेव्हापासून त्या जागी पियानोचे तेच तेच चार स्वर फिरत राहत आणि पप्पा खुर्चीतून न उठता बुटाची टाच फरशीवर आपटत, की सुई पुढे जाई. पोरे त्या टाचेची वाट पाहत बसत.

"काका," त्या म्हणाल्या, "ही आमचीच आहे ना?"