बांडगूळ, अमरवेल, चंदन: एकाच घरचे का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बडोद्याच्या कमाटी बागेत सकाळी फिरायला येणारी मंडळी आंब्यावरच्या बांडगुळाकडे बोट दाखवतात आणि प्रश्न हमखास तोच असतो: "बाई, दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या या झाडांचं कूळ एकच असतं का?"

नसतं. सपुष्प वनस्पतींमध्ये परजीवीपणा किमान 12 वेळा, वेगवेगळ्या घराण्यांत, स्वतंत्रपणे आला. आज अशा साडेचार हजारांहून अधिक जाती आहेत. सगळ्यांची खूण एकच, शोषकमूळ. ते यजमानाच्या, म्हणजे ज्याच्यावर जगायचं त्या झाडाच्या, आत घुसून पाणी किंवा अन्न ओढतं. भिंतीवरचा पिंपळ आणि फांदीवरचं ऑर्किड यांना ते नसतं, म्हणून त्यांना परजीवी म्हणू नका. ती बिचारी फक्त जागा घेतात.

बडोद्यात कुंपणांवर पिवळ्या दोऱ्यांचं जाळं पसरतं, ती अमरवेल. कोकणच्या किनाऱ्यावर हुबेहूब तशीच दुसरी वेल दिसते आणि लोक तिलाही अमरवेलच म्हणतात. दोघींची फुलं भिंगाखाली धरा. पहिलीचं फूल म्हणजे इवलीशी पांढरी घंटा, पाच पाकळ्या, पाच पुंकेसर: ही रताळ्याच्या कुळातली. दुसरीच्या फुलात सगळं तीन-तीनच्या हिशेबात आणि परागकोश झडपा उचलून उघडतात. ही दालचिनी-तमालपत्राच्या घरची! एकीचा दुसरीशी दूरदूरचाही संबंध नाही. परजीवी झालं की पानं जातात, मुळं जातात, हिरवेपणा जातो, आणि उरतं ते सारखंच दिसतं. काय गमावलं यावरून नातं जुळवता येत नाही.

याची मोठी किंमत वर्गीकरणाने मोजली ती रॅफ्लेशियाच्या बाबतीत. 1818 साली सुमात्रात सापडलेलं हे जवळजवळ मीटरभर रुंदीचं फूल. पान नाही, खोड नाही, सगळं शरीर द्राक्षकुळातल्या एका वेलीच्या आत धाग्यांसारखं. मग अशी सगळी झाडं एकाच गणात, म्हणजे अनेक कुळांच्या एका मोठ्या गटात, कोंबली गेली. डीएनए वाचला तेव्हा तो गण फुटला. कोणी कापूस-भेंडीच्या गणात गेलं, कोणी भोपळ्याच्या, कोणी मिरीच्या. खुद्द रॅफ्लेशियाचे काही जनुक तर द्राक्षकुळाकडेच बोट दाखवत होते, कारण ते यजमानाकडून आलेले होते. 2007 मध्ये उलगडा झाला: हे राक्षसी फूल एरंडाच्या कुळातून निघालं आहे. एरंडाची बारीकशी फुलं पाहिली की मला आजही हे नवल वाटतं.

बांडगूळ आणि चंदन मात्र खरोखर एकाच गणातले. चंदन जमिनीखाली शेजाऱ्याच्या मुळांना चिकटतं. त्या गणात आधी असाच मुळांवरचा परजीवीपणा होता, फांदीवर चढणं नंतर आलं आणि तेही पाच वेळा. आपलं बांडगूळ चढतं ते फुलटोच्याच्या मदतीने. हा चिमुकला पक्षी फळ खातो, बी लवकरच चिकट लाळेसारख्या धाग्यासकट बाहेर पडते आणि फांदीला घट्ट बसते. झाड वाचवायचं असेल तर फळं पिकण्याआधी, गाठीच्या बरंच मागून फांदी छाटा.

पण उत्क्रांती पायरीपायरीने पाहायची असेल तर ज्वारीतला टारफुला आणि आपल्याजवळच्या चरोतरातला (आणंद-खेडा भागातला), तंबाखूच्या शेतातला वाकुंबा पाहा. ही दोन्ही परजीवी तणं एकाच कुळातली. टारफुल्याची पानं हिरवी, म्हणून पूर्वी तो वेगळ्या कुळात टाकलेला होता. वाकुंब्यात हरितद्रव्य मुळीच नाही. दोघांचं बी धुळीसारखं, वर्षानुवर्षं मातीत पडून राहणारं. यजमानाचं मूळ जवळ आल्याशिवाय ते रुजत नाही. ते ओळखतं कसं? झाडं उपयोगी बुरशीला बोलावण्यासाठी मुळांतून एक रसायन सोडतात, आणि ही हाक हे बी चोरून ऐकतं. शेतकऱ्याचं पीक यापायी हातचं जातं, म्हणून हे वर्गीकरण मला नुसत्या नावांची यादी वाटत नाही. कोण कोणाचं नातेवाईक हे कळलं तर परजीवीपणा कुठल्या जनुकांतून उभा राहिला ते शोधता येतं.

त्यासाठी तुलनेला याच कुळातला, पण परजीवी नसलेला भाऊबंद लागतो. तो आहे लिंडेनबर्जिया: पिवळ्या फुलांचं, जुन्या विटांच्या भिंतींवर फटीत वाढणारं, स्वतःचं अन्न स्वतः करणारं लहानसं झुडूप. थंडीत शहरातल्या पडक्या भिंती नीट न्याहाळा. दिसलं तर उपटू नका, मला बोलवा.