दीड वीत

परवा भाची सिंगापूरहून न्यूयॉर्कला निघाली आणि मी मोबाइलवर तिच्या विमानाचा ठिपका बघत बसलो. आपण बघितलं नाही तर ते वाट चुकेल, अशी माझी जुनी समजूत. घरचे हसतात. हसू देत.

सुमारे 15,300 किलोमीटर, 18 तासांच्या वर. असल्या आकड्यांनी माझ्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. शेवटी माळ्यावरून पृथ्वीचा गोल काढला. लहानपणी ताई आणि मी तो डोळे मिटून गरगर फिरवायचो आणि बोट टेकेल तिथे 'राहायला' जायचो. दहातल्या सात वेळा बोट समुद्रात. "बुडालास," ताई म्हणायची. जमीन लागली की शिवणाच्या डब्यातला दोरा दोन शहरांमध्ये ताणायचा. भिंतीवरच्या नकाशातली सरळ वाट त्या दोऱ्याला कधी पटलीच नाही. तो आपला वर, उत्तरेकडे सरकायचा. मी बोटाने दाबून खाली आणला की अपुरा पडायचा. "दोऱ्याला शिकवू नकोस," ताईचं ठरलेलं वाक्य.

माझी एक युक्तीही होती. विमान सरळ वर न्यायचं आणि थांबवायचं. खालून पृथ्वी फिरत येईल, हवं ते शहर आलं की उतरायचं. "मग उडी मारल्यावर तू अंगणातच कसा पडतोस?" ताईने विचारलं. पृथ्वी आपल्याला आणि हवेलाही सोबत घेऊन फिरते, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

असो. परवा दोरा ताणला तर तो थेट उत्तर ध्रुवाच्या स्क्रूला जाऊन अडला. 30 सेंटिमीटर व्यासाचा गोल, दोरा भरला दीड वितीहून जरा जास्त. विमान उडतं अकरा-एक किलोमीटरवरून. या गोलावर ती उंची म्हणजे पाव मिलिमीटर. म्हणजे दोऱ्याच्या जाडीतच भाची, तिची बॅग आणि खिडकीवरून झालेलं भांडण.

ठिपका मात्र ध्रुवाकडे फिरकेचना. तो निघाला पॅसिफिकवरून. वाट लांबची, पण वर पश्चिमेकडून पूर्वेला जेट प्रवाह वाहतो. तो पाठीशी घेतला की लांबची वाटही परवडते. 2020च्या फेब्रुवारीत असाच वादळी वारा मिळून एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं. एरवी त्याला साडेसहा-सात तास लागतात, आणि परतताना त्याहून जास्त.

रात्री कधीतरी माझा डोळा लागला. ठिपका माझ्याशिवायच पुढे गेला.

"मामा, उतरले. घड्याळाला हात लावावा लागला नाही!" जुलैत न्यूयॉर्क सिंगापूरच्या बरोबर 12 तास मागे, त्यामुळे काटे जिथल्या तिथे.

कळवायला ताईला फोन केला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिने उचलला.

"तुझा दोरा चुकला रे," ती म्हणाली.