डोना रीडची ३४१ पत्रं

आज दुपारी 'इट्स अ वंडरफुल लाइफ' पुन्हा पाहिला. १९४६चा सिनेमा. पडक्या घराच्या खिडकीवर नायिका डोना रीड दगड भिरकावते आणि काच खळ्ळकन फुटते. तो नेम खरंच तिचा होता म्हणे. आयोवातल्या शेतकऱ्याची लेक ती, लहानपणी बेसबॉल खेळलेली! मग संध्याकाळ तिच्याबद्दल वाचण्यातच गेली.

हॉलिवूडनं तिला बहुतेक वेळा गोड, सालस मुलगीच करायला लावलं. 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी'त (१९५३) मात्र तिनं क्लबात काम करणारी बाई रंगवली आणि सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर घेतलं. तरीही त्या तोडीच्या भूमिका पुढे आल्या नाहीत. फार वाईट वाटलं मला. मग टीव्ही. 'द डोना रीड शो' १९५८ ते १९६६ चालला, घराघरांत पोचला.

पण मनात रुतून बसली ती पत्रं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी तिला लिहिलेली, तब्बल ३४१. तिनं ती आयुष्यभर जपली. १९८६ मध्ये डोना गेली, त्यानंतर ती पत्रं तिच्या मुलीला सापडली. आणि हीच बाई व्हिएतनाम युद्धाच्या काळात, स्वतःच्या मुलांची आई म्हणून, युद्धाविरुद्ध उभी राहिली होती.

उद्या ती पत्रं शोधून वाचणार आहे.