फिटनेसचं पत्र

"मॅडम, पोरगी धावून राहिली, दुखणं नाही, सूज नाही. दोन ओळी लिहून द्या न."

कोचसाहेबांचा मुद्दा तसा खरा होता. 19 वर्षांची ही कबड्डीपटू चढाईत पक्की. संघनिवड तोंडावर आली होती आणि गुडघ्याच्या ऑपरेशनला सात महिने झाले होते. नागपुरात धंतोलीत फिजिओथेरपी करताना असे खेळाडू नेहमीच येतात, पण कोच आणि वडील दोघंही सोबत, असं क्वचितच. वडील कळमन्याच्या बाजारात हमाली करतात. ते दाराजवळच्या स्टुलावर गप्प बसले होते.

तिचं गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, गेलं ते चढाईत. घोटा पकडलेला, पाय जमिनीला रुतलेला आणि अंग वळलं. आतून 'कट्ट' आवाज आला आणि तासाभरात गुडघा टम्म फुगला. हे लिगामेंट, म्हणजे एसीएल, तुटलं की अशीच लवकर सूज येते, कारण सांध्यात रक्त उतरतं. एमआरआयमध्ये पूर्ण फाटलेलं दिसलं. सर्जननी घाई केली नाही. आधी सूज उतरू दिली, गुडघा पूर्ण सरळ होऊ दिला आणि मग दुर्बिणीने ऑपरेशन केलं. ते लिगामेंट शिवून नीट जुळण्याचा भरवसा कमी, म्हणून मांडीच्या मागच्या स्नायूंचे टेंडन काढून त्यांची नवी दोरी हाडातल्या बोगद्यांतून ओवतात.

सुरुवातीच्या आठवड्यांत माझं भांडण असतं ते उशीशी. घरची मंडळी मायेने गुडघ्याखाली उशी सरकवतात. पेशंटला बरं वाटतं आणि गुडघा वाकलेलाच राहायला शिकतो. उशी काढा, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, हे मी किती घरांत सांगितलं असेल!

पण खरी फसगत पुढे आहे. नवी दोरी बसवताना मजबूत असते. मग शरीर तिच्यात रक्तवाहिन्या वाढवतं, जुने तंतू मोडून नवे घालतं आणि साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती सगळ्यात कच्ची असते. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, पेशंट चालायला लागलेला असतो. त्यानंतरही ती पिकायला महिनोन् महिने लागतात. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो. दुखत नाही म्हणजे बरं झालं, हे गणित इथे चालत नाही.

हे सगळं मी कोचना सांगितलं. ते म्हणाले, "पण हिचं वेगळं आहे." प्रत्येकाचंच वेगळं असतं!

मग चाचणीच घेतली. मांडीला टेप लावली, ऑपरेशनवाली उजवी दोन सेंटिमीटरने बारीक. एका पायावर लांब उडी मारायला सांगितली. डाव्या पायावर 120 सेंटिमीटर, उजव्यावर 92, म्हणजे 77 टक्के. निदान 90 तरी हवेत. मोबाईलवर उडी हळू करून दाखवली. उतरताना गुडघा आत झुकत होता. मुलींमध्ये हे जास्त दिसतं आणि लिगामेंट जाण्याच्या वाटा यातूनच निघतात.

ती म्हणाली, "आज झोप नाही झाली मॅडम, उद्या मारते." कोच म्हणाले, "टेस्टचं काय एवढं, मैदानात जोश येतो."

तेवढ्यात स्टुलावरून आवाज आला. "एक विचारू का जी? घरी जिना उतरताना ही दर पायरीले ऑपरेशनवालाच पाय आधी खाली टाकते. चांगला मंग. काऊन असं?"

मी थक्क झाले. मी जे टेपने, उडीने शोधत होते ते या माणसाने जिन्यावर पाहिलं होतं. उतरताना भार पेलतो तो वर राहिलेला पाय. तिने ते काम गुपचूप डाव्याला देऊन टाकलं होतं. मी असं समजावल्यावर ते म्हणाले, "तेच. पोतं पाठीवर असलं की आम्ही बी तसंच उतरतो, गुडघा गेलेले." आणि पोरीकडे वळून, "यंदा नाही."

ती रडली. कोच नाराज होऊन फोन करायला बाहेर गेले. वडिलांनी पुढच्या चाचणीची तारीख विचारून मोबाईलमध्ये टाकली, मग पोरीला स्टेपकडे ढकललं. मी तिला वर उभं केलं आणि म्हटलं, "आता डावा आधी खाली. हळू."